फियाटने पुणे–महाबळेश्वर–दापोली : चार घाट आणि एक मेलेला कंडेन्सर

पसरणी घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडीने पहिला फटाका फोडला. सायलेन्सरमधून असा 'फट्ट' आवाज आला की पुढचा बाइकवाला दचकून मागे बघायला लागला. आप्पा डाव्या सीटवर चिवडा खात होते. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं."

त्यांनी काय सांगितलं होतं? लांब जायच्या आधी गाडीला नवं काही बसवायचं नाही. बसवलंच तर महिनाभर गावात फिरवायची, मग घाट दाखवायचा. गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, आमच्या घरी ती कायम 'फियाट'. आप्पांनी १९९१ साली सेकंडहँड घेतली, आता सांभाळतो मी, पण मालकी अजून त्यांचीच. निघायच्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर (त्या स्विचवर ठिणगी उडू न देणारा पार्ट), प्लग, फॅनबेल्ट आणि पेट्रोलचा रबरी पाइप असं सगळं एका दमात बदलून घेतलं. त्यातला पाइप बदलणं शहाणपणाचं होतं. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याने जुनं रबर मऊ पडतं, चिरतं. इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तो पाइप मागून घ्या. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, तोही एक जास्तीचा जवळ ठेवा. बाकीचं सगळं मी हौसेने केलं होतं.

घाटात गाडी बाजूला घेतली, चाकामागे दगड लावला. दगड डिकीतच असतो, एक मोठा आणि एक चपटा. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना वीज वाटणाऱ्या डब्याचं, पॉइंट त्यातच असतो) झाकण काढलं आणि आप्पांना म्हटलं, सेल्फ मारा. पॉइंटच्या मधोमध वेल्डिंगसारखी निळी-पिवळी ठिणगी उडत होती. म्हणजे कंडेन्सर गेला. चांगला कंडेन्सर असेल तर पॉइंटवर जेमतेम बारीक चमक दिसते, सगळा जोर प्लगला जातो. हा करंगळीच्या टोकाएवढा पत्र्याचा डबा एका स्क्रूवर बसलेला असतो आणि तो मेला की हजारो रुपयांचं इंजिन खोकत उभं राहतं. हल्ली बाजारात येणाऱ्या नव्या कंडेन्सरांवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. आठवडाभरापूर्वी बसवलेला हा दीडशे किलोमीटरही चालला नाही.

जुना कंडेन्सर पारले बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होता. आप्पा कुठलाही चालू पार्ट फेकू देत नाहीत, कागदावर तारीख लिहून गुंडाळून ठेवतात. कंडेन्सर बदलताना एक खबरदारी घ्या. डिस्ट्रिब्युटरखाली आधी फडकं पसरा. तो स्क्रू हातातून सुटला की इंजिनाच्या आणि चॅसीच्या मधल्या कुठल्या तरी बिळात जातो, मग अर्धा तास रस्त्यावर पोटावर झोपणं आलं. माझा सुटला. फडक्यात पडला. जुना कंडेन्सर लावला, जळून काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले, त्यांच्या फटीत ४५ शतांश मिलिमीटर जाडीचं मापाचं पान घालून पाहिलं. पंचवीस मिनिटांत गाडी शिवणयंत्रासारखी चालू. परत पुण्याला पोहोचेपर्यंत एकदाही खोकली नाही.

त्याच्या आधीचंही सांगायला हवं. पुण्याहून आम्ही साडेपाचला निघालो, तरी शनिवार असल्यामुळे खंबाटकीत अडकलोच. साताऱ्याकडे जाताना चढाचा घाट, बारा टनी ट्रकांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणं. या गाडीचा पंखा बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू. त्यात पेट्रोल पंप इंजिनाला चिकटलेला. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा ओढत बसतो. गाडी गुरगुरली, बंद पडली. मागून हॉर्न. उपाय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला तोच : पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं थांबायचं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. त्यामुळे माझा आग्रहाचा सल्ला, ही सफर शनिवारी करू नका. मंगळवार-बुधवार पकडा. जुन्या गाडीला चढ चालतो, गर्दी चालत नाही.

वाईनंतरचं, म्हणजे पसरणी घाटाचं, वर आलंच. पाचगणी ते महाबळेश्वर स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गाड्यांची जत्रा असते, तिथे दुपारी बाराच्या आधी पार व्हा. आम्ही मुक्काम केला नाही, फक्त जेवलो.

आंबेनळी घाटाबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण या गाड्या चढात रुसतात पण उतारात जिवावर उठतात. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, आणि मधे फक्त चाळीसेक किलोमीटर. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाय ब्रेकवर टेकवून उतरलात तर प्रतापगडाच्या फाट्याच्या आधीच लायनरचा वास येतो, पेडल खोल जायला लागतं. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे दुसरा. इंजिन ओरडू दे, ओरडण्याने काही होत नाही. ब्रेक मारायचा तर दणकून थोडा वेळ, मग पूर्ण सोडायचा. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी झालेलं ऑइल तापलं की उकळतं. मी आधीच्या दोन सफरींत हे टाळलं होतं, आता हसू येतं. मधे दोनदा थांबलो. थांबताना हँडब्रेक ओढला नाही, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि दगड लावला. तापलेल्या ड्रमवर लायनर आवळून ठेवले तर ते चिकटतात.

एकदा स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा पहिल्या आणि रिव्हर्सच्या मधे अडकला. घाबरू नका. बॉनेट उघडा, खाली दोन लिव्हर दिसतात, स्क्रूड्रायव्हरने दोन्ही एका रेषेत आणा. एवढंच.

पोलादपूरहून कशेडीचा नवा बोगदा, खेड, मग दापोली. हा भाग सुखाचा. खेड–दापोली रस्त्याला झाडी आहे, वळणं आहेत, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत जाते. अंधार व्हायच्या आत दापोलीजवळच्या मुरूडला पोहोचलो. हे महत्त्वाचं, कारण आमच्या हेडलाइटने रस्ता दिसत नाही, समोरच्याला आम्ही दिसतो एवढंच.

मुरूडला दोन मुक्काम. हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघा, पण गाडी बंदरापासून लांब लावा. वाळूत तर अजिबात घालू नका. कर्दे–मुरूडला दर सुट्टीत एक तरी गाडी भरतीत रुतते, आणि आपल्या गाडीचा पत्रा तसाही पत्र्यापेक्षा आठवणींचा जास्त असतो. तिथल्या एका काकांनी फियाट बघून विचारलं, "विकायचीय का?" आप्पा म्हणाले, "मला की गाडी?"

परतीला मंडणगडमार्गे महामार्गाला लागलो, माणगावला चहा घेतला आणि ताम्हिणीने पुण्यात. ताम्हिणीचा चढ सकाळीच घेतला, तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. एकूण साडेचारशेच्या वर किलोमीटर, लिटरमागे साधारण अकरा.

कागदांबद्दल दोन शब्द. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग लागतं, ती तारीख उलटून गेली नाही ना ते आरसीवर बघा. फास्टॅग पाहिजेच, खेड-शिवापूरचा टोलवाला गाडीकडे प्रेमाने बघतो पण सोडत नाही. गाडीला पन्नास वर्षं झाली की विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, 'व्हीए'चा नंबर मिळतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून हिंडायची हौस असेल तर आधी विचार करा.

पार्ट कुठून आणायचे हे सगळेच विचारतात. कंपनीने गाडी २००० सालच्या आसपास बंद केली, तरी मुंबईत टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्यात काहीही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली आणि दुकानदारांनीही माल ठेवणं कमी केलं. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरा. तिथे पार्ट वापरलेला मिळेल, पण चाललेला मिळेल. माझ्या मते तोच घ्या.

घरी आल्यावर पहिलं काम गाडी खालून गोड्या पाण्याने धुण्याचं. समुद्राचं मीठ दरवाज्याखालच्या पन्हाळीत बसतं आणि आतून खातं, बाहेरून रंग फुगलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मी पाइप धरून खाली वाकलो होतो तेव्हा आप्पा ओट्यावर बसून बिस्किटाच्या डब्यातल्या पुड्या लावत होते. नवा कंडेन्सरही त्यांनी कागदात गुंडाळला. मी म्हटलं, आप्पा, तो मेलाय. त्यांनी पेन काढलं आणि तारखेखाली लिहिलं : 'मयत. पसरणी.'