आमची वाटचाल : डबा भंगारातला, माती मात्र पारखलेली

गॅलरीत आणि गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना तयार माती आणि भोके पाडलेले डबे पुरवण्याचा आमचा व्यवसाय २०१३ साली ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका भाड्याच्या गाळ्यात सुरू झाला. त्या काळी रोपवाटिकांमध्ये चिनी मातीच्या आणि फायबरच्या महागड्या कुंड्यांचाच बोलबाला होता आणि ज्याला घरची मेथी खायची आहे त्याने आधी कुंड्यांवर दोन-तीन हजार रुपये घालावेत, अशीच सगळ्यांची समजूत होती. कळवा-मुंब्र्याच्या बाजूला रुळालगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी पाहून ज्यांचे मन विटले होते, त्यांतल्या बहुतेकांना हा खर्च झेपणारा नव्हता. आमचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते आणि आजही तेच आहे : डब्यावरचे पैसे वाचवावेत, मातीवरचे वाचवू नयेत.

डबे आम्ही भंगारवाल्यांकडून घेत असू आणि अजूनही घेतो. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची २० लिटरची बादली सर्वांत उत्तम. ती घासून धुतली की टोमॅटो, वांगी, भेंडी यांना पुरेशी खोली मिळते. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा मेथी-पालकाला चांगला, पण एका पावसाळ्यात तळाशी गंजतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. रसायनांची पिंपे कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही कधी गाळ्यात येऊ दिली नाहीत. भोके तळाला न पाडता बाजूने, तळापासून दोन बोटे वर पाडायची, म्हणजे खाली थोडे पाणी साठून राहते आणि उन्हाळ्यात रोप दुपारी मान टाकत नाही. सुरुवातीला हे काम तापवलेल्या सळईने होई. पुढे एक जुने ड्रिल घेतले, त्याला १० मिलिमीटरचे पाते लावले, आणि ते ड्रिल आजही आमच्याकडे चालू आहे.

ड्रिलपेक्षाही मला जास्त माया आहे ती आमच्या चाळणीची. सागवानी चौकटीत ताणून बसवलेली लोखंडी जाळी, मागे दोन पाय, तिरकी उभी करायची आणि फावड्याने माती तिच्यावर फेकायची. बारीक माती पलीकडे पडते, खडे आणि मुळ्या पायाशी घरंगळतात. ती आम्हाला मुरबाडकडच्या मामांनी आणून दिली. मामा नात्याने आमचे कोणी नव्हेत. लाल माती आणि शेणखत पुरवायला आले आणि वर्षभरात व्यवसायाचे भागीदारच झाले. माती पारखण्याची त्यांची रीत साधी होती. ओली मूठ आवळायची, हात उघडायचा, आणि गोळ्याला अंगठा लावायचा. गोळा टिकला पण अंगठ्याने फुटला तर माती घ्यायची. चिकटून राहिला तर परत पाठवायची. शेणखताचा तर ते नुसता वास घेत. नाकाला झणका बसला की, "अजून कच्चं आहे, पोरा, मुळं जाळील," म्हणत आणि ट्रकवाल्याला आल्या पावली माघारी धाडत. लाल माती, धुतलेले कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, तिन्ही समभाग, आणि प्रत्येक बादलीमागे मूठभर निंबोळी पेंड, हे प्रमाण त्यांनी आणि मी मिळून ठरवले, आणि ते आम्ही कधी कोणापासून लपवले नाही.

पहिली काही वर्षे धंदा संथ पण नेटाने चालला. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते २०२० बद्दल.

मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी लागली, मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही काही दिवस बंद ठेवावा लागला, आणि भाजीसाठी सोसायट्यांच्या फाटकावर रांगा लागू लागल्या. घरी बसलेल्या प्रत्येकाला गॅलरीत काहीतरी पेरावेसे वाटू लागले आणि आमच्या तयार मातीच्या पिशव्यांना एकाएकी मोठी मागणी आली. त्याच वेळी, आमचा माल वर्षानुवर्षे घाऊक भावाने उचलणाऱ्या घोडबंदर रस्त्यावरच्या एका व्यापाऱ्याने स्वतःची पिशवी बाजारात आणली. रंग आमचाच हिरवा, मजकुराची मांडणी आमच्यासारखीच, आकार थोडा मोठा आणि किंमत आमच्या निम्म्याने. आमचे प्रमाण त्याला तोंडपाठ होते. पण त्याने ते वापरले नाही. पिशवीत होते ते जवळजवळ निव्वळ कोकोपीट, तेही न धुतलेले.

या धंद्यातल्या माणसाला यापुढे काय झाले ते सांगायला नको, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो. नारळाच्या सोडणात पोटॅशियमचे क्षार मुळातच असतात आणि किनाऱ्याजवळ ती सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवली गेली तर त्यात सोडियमची भर पडते. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन हे क्षार काढले नाहीत तर पानांच्या कडा करपतात, कोवळी रोपे पिवळी पडून बसतात, आणि टोमॅटोला कॅल्शियम मिळेनासे होऊन फळ खालून काळे पडते. शिवाय कोकोपीटमध्ये स्वतःचे पोषण नगण्य असते. ते पाणी धरते, एवढेच त्याचे काम. जून-जुलैमध्ये सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर करपलेल्या मिरच्यांची छायाचित्रे फिरू लागली आणि पिशव्यांचा रंग एकच असल्यामुळे नाव निघाले ते आमचे. घेतलेला माल लोक परत आणून टाकू लागले, त्यांतल्या निम्म्या पिशव्या आमच्या नव्हत्याच. घाऊक दुकानदारांनी पैसे अडवून ठेवले. गाळ्याचे भाडे थकले, कामाची मुले गावी गेलेली, आणि मामांची मुरबाडची मजुरी भागवण्यासाठी माझ्या पत्नीच्या बांगड्या गहाण पडल्या. त्या व्यापाऱ्याला मी दोनदा फोन केला. बाजार सगळ्यांचा असतो, एवढे बोलून त्याने फोन ठेवला. ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आम्हाला त्या वेळी ज्यांनी उभे ठेवले, त्या वर्तकनगरच्या एक काकू. जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा, खिडकीला बाहेर काढलेली जाळी, आणि त्या जाळीत आमच्या पहिल्या वर्षीच्या बादल्या. आमच्याकडून 'परभणी क्रांती' भेंडीचे बी त्यांनी एकदाच नेले आणि त्यानंतर दर वर्षी दोन शेंगा झाडावरच वाळू देऊन स्वतःचे बी धरले. संकरित बियाण्याला हे जमत नाही, म्हणून कमी खर्चात करणाऱ्याने सुधारित वाणच घ्यावा. गटावरची चर्चा वाचून काकूंनी मला फोन केला आणि विचारले, "तुमची पिशवी आणि ती दुसरी, दोन्ही पाठवता का?" दोन तेलाचे डबे शेजारी ठेवून त्यांनी दोन्हींत एकाच पुडीतली मेथी पेरली, पाणी सारखेच घातले, आणि रोजचे छायाचित्र गटावर टाकले. आठवड्याभरात आमच्या डब्यात मेथीने दुसरी पाने धरली. दुसऱ्या डब्यातली दोन दलांवरच पिवळी पडून थांबली. आम्ही छापलेल्या कोणत्याही पत्रकाने जे झाले नसते, ते त्या दोन डब्यांनी केले.

त्यानंतर आम्ही पिशवीवर क्षारांचा आकडा छापायला लागलो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवायला येणाऱ्या माणसाच्या खिशात जी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारी कांडी असते, तीच चालते. एक वाटी कोकोपीट पाच वाट्या पाण्यात ढवळावे, अर्धा तास ठेवावे, फडक्यातून गाळून कांडी बुडवावी आणि नळाच्या पाण्याचा आकडा त्यातून वजा करावा. आमचा धुतलेला माल दीडशेच्या आत असतो. त्या वर्षीच्या त्या पिशवीचा आकडा आठशेच्या पुढे गेला होता. मोजण्याची सोय नसेल तर निदान कोकोपीट बादलीत भिजवून पहिले तांबूस पाणी ओतून द्यावे, आणि असे दोनदा करावे.

आता विषय निघालाच आहे तर ठाण्यात भाजी करणाऱ्यांना आणखी थोडे सांगतो. आपल्याकडचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. उघड्यावरच्या डब्यातले खत तो धुऊन नेतो, म्हणून पावसाळ्यात डबे छपराखाली घ्यावेत आणि खत एकदम न घालता पंधरवड्याने थोडे थोडे द्यावे. टोमॅटोची रोपे गणपतीनंतर करावीत; एप्रिल-मेच्या उकाड्यात फुले गळतात, त्याचा दोष मातीला देऊ नये. पाच-सहा तास ऊन नसेल तर फळभाजीचा हट्ट सोडून पालक, मेथी, कोथिंबीर घ्यावी, आणि धणे पेरण्याआधी रगडून दुभंगावेत. एक पीक निघाल्यावर माती फेकणे हा तर शुद्ध अपव्यय आहे. ती उन्हात पसरावी, मुळ्या वेचाव्यात, तिसरा हिस्सा गांडूळखत मिसळावे आणि पुन्हा भरावी. आमचा खप त्यामुळे कमी होतो, तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही हे सांगतो.

बांगड्या २०२२ मध्ये सुटल्या. मामा आता वयामुळे गाळ्यात येत नाहीत, माती मात्र त्यांच्याच गावाहून येते आणि त्यांचा मुलगा ती त्याच चाळणीतून काढतो. त्या व्यापाऱ्याची हिरवी पिशवी अजूनही विकली जाते, पुष्कळ दुकानांत आमच्या पिशवीच्या शेजारीच. आमच्या पिशवीवर आकडा असतो, तिच्यावर नसतो. विकत घेणाऱ्याने दुकानदाराला तो विचारावा, आणि उत्तर मिळाले नाही तर एक मूठ घरी नेऊन मेथी पेरून पाहावी.