लोण्याचं पाचवं पाणी

माझी धाकटी जाऊ पुण्यात असते. परवा तिचा फोन आला, म्हणाली, "ताई, पहिल्यांदाच घरी लोणी काढलं, मस्त गोळा आला, पण तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर कसला तरी आंबूस वास, कुणी तोंडात घेईना." मी तिला एकच विचारलं, किती पाण्यानं धुतलंस? तर म्हणाली, "एकदा नळाखाली धरलं की." तिथंच सगळं राहिलं. तिला फोनवर जे सांगितलं ते जरा सविस्तर इथं लिहिते, कारण हे विचारणारी ती काय एकटी नाही. लोणी काढायचं सगळ्यांना माहीत असतं, ते धुवायचं आणि ठेवायचं कसं ते कुणी नीट सांगत नाही.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. घरात रोज दोन लिटर म्हशीचं दूध येतं, आणि कोल्हापुरात दुधाच्या बाबतीत माणूस सुखी आहे असं मला खरंच वाटतं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी आणून तुमच्या समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, बाहेरच्या पाहुण्यांना मी हटकून तिकडं घेऊन जाते. म्हशीच्या दुधात फॅट साधारण सहा-सात टक्के, गाईच्यात साडेतीन ते साडेचार, म्हणून साय जी काय धरते ती म्हशीच्याच दुधावर. आणि लोणी पांढरं शुभ्र का होतं तर गाईच्या दुधात कॅरोटीन असतं त्यानं लोणी पिवळसर दिसतं, म्हैस त्या कॅरोटीनचं आधीच व्हिटॅमिन ए करून टाकते. त्यामुळं घरचं लोणी पांढरं दिसलं म्हणून विकतच्या पिवळ्यापेक्षा कमी असं समजू नका.

जाऊबाईंनी पिशवीचं दूध वापरलं होतं. पिशवीचं दूध वाईट नाही, पण पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं असेल तर त्यातला फॅटचा कण मशीनमध्ये इतका बारीक करून टाकलेला असतो की तो वर तरंगून येत नाही, मग साय पापडासारखी पातळ येते आणि बाई म्हणते माझा हातच बरोबर नाही. हात बरोबर असतो, दूध बघून घ्या, फुल क्रीम घ्या.

साय धरायला दूध मंद गॅसवर तापवायचं, उकळी आली की आच एकदम बारीक करून पाच-सात मिनिटं तसंच ठेवायचं, ढवळायचं नाही. मग जाळी झाकून गार करायचं, घट्ट झाकण घातलं की वाफेचं पाणी परत सायीवर पडतं. गार झालं की रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी सुरी कडेनं फिरवली की साय अख्खी भाकरीसारखी उचलून येते, ती उचलताना मला अजून बरं वाटतं, इतकी वर्षं झाली तरी.

आता ही साय आठ दिवस साठवायची कुठं, तर फ्रीजरमध्ये. खालच्या कप्प्यात नाही. मी सुरवातीला खालीच ठेवायचे आणि एकदा बारा दिवसांची साय कडू निघाली, लोणी कडू, तूपसुद्धा कडू, पंचवीस लिटर दुधाची साय वाया गेली आणि मला त्या दिवशी रडू आलं होतं. फ्रीजच्या गारव्यातही वाढणारे काही जंतू असतात, ते हळूहळू सायीला कडवट करतात. तेव्हापासून स्टीलचा डबा फ्रीजरमध्ये, रोजची साय त्यात, आणि आठव्या दिवशी काढायची म्हणजे काढायची, घरात पाहुणे असले तरी.

आदल्या रात्री डबा बाहेर काढते, साय विरघळली की किंचित कोमट करून दोन चमचे ताजं गोड दही घालून ढवळून ठेवते. कोमट म्हणजे बोट बुडवलं तर ना गार लागलं पाहिजे ना गरम. उन्हाळ्यात सहा तासांत लागतं, थंडीत दहा-बारा तास, थंडीत मी पातेलं कणकेच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवते. बरेच जण न विरजता नुसती साय मिक्सरला लावतात, निघतं लोणी, पण विरजलेल्याची चव वेगळी. लोण्याचा जो आपल्याला वास येतो ना, तो विरजणातले जंतू तयार करतात, डायअसिटिल म्हणून एक पदार्थ असतो त्याचा. शिवाय आंबटपणानं फॅटचे कण लवकर एकमेकांना चिकटतात, लोणी जास्त निघतं आणि ताक प्यायच्या लायकीचं मिळतं.

मग घुसळणं. माझ्या माहेरी रवी, दोर आणि भिंतीतली कडी होती, आज्जी पहाटे बसायची आणि त्या घर्र-घर्र आवाजानं आम्हाला जाग यायची. माझ्याकडं मिक्सर आहे पण नियम तोच, गारवा. सायीच्या दह्यातला फॅट म्हणजे लहान लहान थेंब, प्रत्येकावर पातळ आवरण, घुसळलं की ते फाटतं आणि थेंब एकमेकांना धरतात. फार गरम असेल तर फॅट पातळ राहतो, नुसता फेस फिरत बसतो, फार गार असेल तर कण कडक होऊन चिकटतच नाहीत. बारा ते पंधरा अंशाच्या आसपास सगळ्यात छान निघतं. थर्मामीटर काय मी लावत नाही, मे महिन्यात दही दोन तास फ्रीजमध्ये आणि घुसळताना बर्फाचे चार खडे, डिसेंबरात फ्रीज नाही आणि पाणी साधं, नाहीतर पहाटेच्या थंडीत अर्धी वाटी कोमट. एका मेमध्ये घाई केली, पंधरा मिनिटं मिक्सर फिरवला, मिक्सरचं भांडं गरम, आत सगळं आईस्क्रीमसारखं फुगलेलं आणि लोण्याचा पत्ता नाही. सासूबाई म्हणाल्या, "बंद कर ते, उचलून फ्रीजमधी ठेव, आणि तू बी जरा बस." अर्ध्या तासानं परत लावलं तर दोन मिनिटांत निघालं.

लोणी यायची वेळ कानाला कळते. आधी मिक्सरचा आवाज जड असतो, मग एकदम हलका होतो आणि आत छपाक-छपाक व्हायला लागतं, झाकणाला आतनं चिकटलेली साय आपोआप धुतली जाते. तिथं थांबायचं. झाकण काढलं तर मोहरीएवढे, फार तर ज्वारीएवढे पांढरे कण ताकावर तरंगत असतात. अजून फिरवलं तर मोठा गोळा होतो, दिसायला झकास, पण त्या गोळ्याच्या पोटात ताक अडकतं आणि ते मग काय केल्या निघत नाही. म्हणून कण असतानाच थांबायचं. जाऊबाईंचा "मस्त गोळा" म्हणजे हाच.

आणि आता धुणं. लग्नानंतर पहिल्यांदा मी लोणी काढलं तेव्हा दोन पाण्यानं धुवून डब्यात भरायला निघाले. सासूबाई राधानगरीकडच्या, आतनंच ओरडल्या, "थांब, आलो बघ," आणि येऊन ते पातेलं पुढ्यात ओढून घेतलं. काचेच्या ग्लासात माझं ते दुसरं पाणी ओतून खिडकीला धरलं. दुधासारखं गढूळ. म्हणाल्या, "हे ताक हाय. हे आत ऱ्हायलं की लोणी उद्या नासलं. पाणी नितळ येस्तर धुवायचं, मोजायचं न्हाई." तिसऱ्या पाण्याला ग्लासात धुकं असल्यासारखं दिसत होतं, चौथ्याला खिडकीचे गज दिसायला लागले, पाचव्याला पलीकडच्या घराच्या पायरीवर वाळत घातलेल्या मिरच्या वेगवेगळ्या दिसल्या. तेव्हा त्यांनी हात थांबवला. मी अजून तोच ग्लास वापरते. कधी चार पाण्यात होतं, कधी सहा लागतात.

पाणी फ्रीजमधलं गार घ्यायचं, हात आधी त्याच पाण्यात बुडवून घ्यायचे म्हणजे लोणी हाताला चिकटत नाही. चोळायचं नाही, दाबून उलटं-पालटं करायचं, कणकेसारखं मळायचं पण अलवार हातानं. शेवटी पाण्याशिवाय ताटलीत घेऊन दाबायचं, थेंब सुटतात ते ओतून टाकायचे, परत दाबायचं. कारण साधं आहे. ताकात दुधातली साखर असते, प्रोटीन असतं, तेच जंतूंचं जेवण. लोण्यात कितीही केलं तरी थोडं पाणी राहतंच, विकतच्या बटरमध्येसुद्धा ऐंशी टक्के फॅट आणि बाकी बरंचसं पाणीच असतं. ते राहिलेलं पाणी स्वच्छ असेल तर लोणी टिकतं, ताकाचं असेल तर आंबतं.

माझ्या आठ दिवसांच्या सायीचं अर्धा किलोच्या जरा वर लोणी निघतं. त्यातलं आठवड्याला लागेल तेवढं लिंबाएवढे गोळे करून काचेच्या बरणीत गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलायचं, वर हवा लागत नाही आणि झाकण घट्ट असलं की वास धरत नाही. असं माझ्याकडं आठ दिवस आरामात राहतं. मीठ घालायचं असेल तर अर्ध्या किलोला चहाचे दोन सपाट चमचे पुरे, पण मीठ घातलेलं पाण्यात ठेवू नका, मीठ सगळं पाण्यात उतरतं. बाकीचं बटर पेपरमध्ये वड्या करून, वर घट्ट झाकणाचा डबा, फ्रीजरमध्ये, तारीख लिहून. दोन-तीन महिने चांगलं राहतं. उजेड आणि हवा लागली की लोणी खवट होतं, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात तर फारच लवकर, आज्जीची पितळी भांडी कल्हई केलेली असायची म्हणून चालून जायचं.

झाकणाचं एवढं का सांगते तर लोणी वास ओढून घेतं. दोन वर्षांपूर्वी चटणीचे दिवस होते, डंकातनं, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीतनं, कांदा-लसूण चटणी आणून एक उघडी वाटी चवीला म्हणून फ्रीजमध्ये ठेवली आणि शेजारी लोण्याची बरणी, झाकण नुसतं टेकवलेलं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या पोळीवर लोणी-साखर लावून दिलं तर पहिल्या घासाला त्यानं तोंड वाकडं केलं. लोण्याला चटणीचा वास. भाकरीबरोबर आम्ही मोठ्यांनी खाल्लं ते, पण पोराची लोणी-साखर गेली.

फ्रीजर आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या दारात पाणी आलं नाही पण लाईट गेली ती गेलीच. फ्रीजरमध्ये दीड किलो लोणी. पहिल्या दिवशी वाटलं येईल रात्रीपर्यंत, दुसऱ्या दिवशी वड्या मऊ पडलेल्या. शुक्रवार पेठेतनं सासूबाईंची बहीण आणि त्यांची माणसं आमच्याकडं आली होती, नळाला पाणी नाही, दूध येईना. सासूबाईंनी मेणबत्तीच्या उजेडात मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि सगळ्याचं तूप कढवलं. लोणी कढताना आधी तडतडतं, ते त्यातलं पाणी जात असतं, आवाज शांत झाला, तळाला बेरी बदामी दिसली की गॅस बंद, वरनं विड्याचं पान. आत पाणी जवळपास उरत नाही म्हणून तूप बाहेर महिनोन् महिने राहतं. पुढचे चार दिवस घरातल्या अकरा माणसांनी मऊ भात, तूप, मीठ असं जेवण केलं. मावशींचं घर पाण्यात होतं, त्यांच्या घशाखाली दुसरं काही उतरत नव्हतं, तो भात मात्र त्या जेवायच्या.

तेव्हापासून मी फ्रीजरमध्ये अर्ध्या किलोच्या वर लोणी साठवत नाही, जास्त झालं की लगेच कढवते. लोणी ताजं खावं, साठवावं ते तूप.

आज रविवार, पोरांना लोणी डोसा पाहिजे आहे. सायीचं दही सकाळीच फ्रीजमध्ये ठेवलंय, काचेचा ग्लास घासून ओट्यावर उपडा घातलाय. जाऊबाई व्हिडिओ कॉल लावणार आहे अकराला, तिचं पातेलंही तयार आहे म्हणे, तिला पहिल्या पाण्यापासून दाखवते.