मॉडेल रॉकेट: बांधायला दोन रविवार, परवानगीला 41 दिवस

मॉडेल रॉकेटचं किट घ्यायचं मनात असेल तर आधी अर्ज टाका, किट पुढच्या महिन्यात मागवा. मी उलटं केलं. किट सहा दिवसांत परभणीला घरपोच आलं, दोन रविवारांत बांधून झालं आणि मग 41 दिवस कपाटावर उभं राहिलं. एका कार्यालयात अर्ज 'साहेब पाहतील' या वाक्याखाली दबून पडला होता.

गाडं अडतं ते मोटरीपाशी. खोक्यात कागदी नळी, प्लास्टिकचं टोक, बाल्साच्या लाकडाचे पंख, पॅराशूट सगळं असतं, मोटर नसते. मोटर म्हणजे 18 मिमी जाडीची, 70 मिमी लांबीची कागदी कांडी, आत घट्ट दाबलेली काळी दारू. हा माल स्फोटकांच्या वर्गात मोडतो, त्यामुळे साधं कुरियर त्याला हात लावत नाही. मला सापडलेला सरळ रस्ता एकच: ज्या विज्ञानसंस्थेकडे मोटरी ठेवण्या-वापरण्याची रीतसर कागदपत्रं आहेत, त्यांची माणसं उड्डाणाच्या दिवशी मोटरी घेऊन येतात आणि उरलेल्या मोजून परत नेतात. फटाके फोडून त्यातली दारू काढू आणि घरीच कांडी भरू, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. दारू ठासतानाच हात जातात.

संस्थेचं म्हणणं, जागेची स्थानिक परवानगी दाखवा, मग येतो. कार्यालयाचं म्हणणं, मोटर आणणाऱ्यांचं पत्र दाखवा, मग परवानगी देतो. या दोन वाक्यांमध्ये मी पाच चकरा मारल्या. पहिल्या खेपेला टेबलावरच्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, दिवाळी तर झाली की आता." दुसऱ्या खेपेला ते रजेवर. तिसऱ्या खेपेला अर्ज परत आला, कारण मी विषयात लिहिलं होतं: 'रॉकेट प्रक्षेपणास परवानगी मिळणेबाबत'. प्रक्षेपण हा शब्द वाचला की माणसाला श्रीहरिकोटाच आठवतं, आणि तेवढी सही करायची कुणाची छाती होत नाही.

गाठ सुटली ती संस्थेच्या एका ओळीने. त्यांनी पत्र दिलं, पण 'स्थानिक परवानगीच्या अधीन राहून' असं घालून. असं सशर्त पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या, निम्म्या चकरा वाचतील. दुसरं, अर्जाला एक पानी माहितीपत्रक जोडा आणि त्यात विशेषणं नकोत, आकडे हवेत. माझ्या पानावर होतं ते असं: रॉकेटचं मोटरीसह वजन 50 ग्रॅम, साहित्य कागद, बाल्सा आणि प्लास्टिक, धातूचं टोक नाही, मोटर ए8-3 (हे कसं वाचायचं ते पुढे), आत दारू सुमारे 3 ग्रॅम, अपेक्षित उंची 60 ते 70 मीटर, खाली येणं पॅराशूटने, पेटवणं विजेच्या बटणाने, 5 मीटरांवरून, जागेचा गट नंबर, शेतमालकाचं संमतीपत्र, तारीख, वेळ, किती माणसं, पाण्याचे दोन ड्रम. दारूचा आकडा लपवू नका. 3 ग्रॅम हा आकडाच आपल्या बाजूने बोलतो.

चौथ्या खेपेला मी मोटर नसलेलं रॉकेटच सोबत नेलं. भाऊसाहेबांनी ते दोन बोटांत धरून हलवून पाहिलं. "एवढंच?" जे तीन अर्जांनी झालं नाही ते या एका शब्दाने झालं. तरी पाचवी खेप लागलीच. रॉकेटसाठी छापील नमुना नाही, म्हणून शेवटी ध्वनिक्षेपकाचा नमुना काढला आणि 'ध्वनिक्षेपक' खोडून वर पेनाने 'रॉकेट (कागदी)' लिहिलं. रात्री 10 नंतर वापरू नये, ही अट मात्र तशीच राहिली. अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जागेवरून हलू नका. मी पहिल्या वेळी घेतला नाही आणि तो अर्ज कधी आलाच नव्हता असं ऐकून घेतलं. आणि जागा चिकलठाणा, नांदेड किंवा लातूरच्या विमानतळाच्या आसपासची निवडूच नका. तिथला प्रश्न या टेबलावर सुटत नाही.

ए8-3 हे वाचायचं असं: ए म्हणजे एकूण जोर, 1.26 ते 2.5 न्यूटन-सेकंद, बी त्याच्या दुप्पट, सी चौपट. 8 म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये. 3 म्हणजे दारू संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. पहिलं उड्डाण ए वरच करा. सी मोटरीला निदान 120 मीटर लांब-रुंद मोकळं रान लागतं, ए ला 30 पुरतं.

बांधणीत फार सांगण्यासारखं नाही, तीन गोष्टी सोडून. पंख कापताना बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. आडव्या गेल्या तर पहिल्याच आपटीत पंख तुटतो. चिकटवायला पांढरा फेविकॉल: दोन्ही बाजूंना पातळ थर, चिकट होईपर्यंत थांबणं, मग दाबणं. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो, तो पंखाला नको. मोटरीची बैठक, म्हणजे मोटर जिच्यात बसते तो भाग, नळीत सारताना मात्र एका दमात आत ढकला. फेविकॉलच्या ओलाव्याने कागद फुगतो आणि मधेच थांबलात तर बैठक तिथेच धरते, मग ती ना मागे ना पुढे.

रॉकेट सरळ जाईल का, हे दोरीवर फिरवून कळतं. मोटर, वॅडिंग (न पेटणारे कागद), पॅराशूट सगळं आत असताना तोल साधेल तिथे दोरी बांधून, अडीच मीटरवर डोक्याभोवती फिरवा. टोक पुढे राहिलं तर बरोबर, शेपूट पुढे आली तर टोकात थोडी मातकामाची माती भरा. मोटर तर हाती नसते, म्हणून मी कागदाच्या सुरळीत चिकणमाती भरून 16 ग्रॅमची नकली कांडी केली, सराफाच्या काट्यावर तोलून. उडायच्या क्षणी मोटर सगळ्यात जड आणि शेपटाकडे असते. त्या वजनावर पास झालं तर पुढे काळजी नाही.

वॅडिंग म्हणजे पॅराशूट भाजू नये म्हणून नळीत घालायचे न पेटणारे कागद, तीन-चार. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, पण इथे कापूस चालत नाही. पेटतो, आणि धुमसता बोळा वाळलेल्या रानात पडतो. उडवायच्या जागेभोवती दीड मीटर धसकटं उपटून जमीन मोकळी करा, रॉकेट जिच्यावरून सुटतं त्या दांडीखाली पत्र्याची ताटली हवीच.

वेळ जानेवारीतली, तूर निघाल्यावरची, सकाळी नऊच्या आत. मे महिन्यात वारा सुटतो आणि पत्र्याच्या खोलीत तापून-निवून मोटरीतल्या दारूला चिरा पडतात. अशी मोटर पेटताच फुटते. जानेवारीचा त्रास वेगळा. परभणीच्या थंडीत पॅराशूटचं प्लास्टिक कडक होतं आणि घडीतच राहतं. टाल्कम पावडर चोळा आणि घडी शेवटच्या पाच मिनिटांत घाला, आदल्या रात्री नको. 70 मीटरवरून सेकंदाला 4 मीटरने उतरायला 17-18 सेकंद लागतात. वारा 3 मीटरचा असला तर रॉकेट 50 मीटर वाहतं. त्या बाजूला कठडा नसलेली विहीर किंवा विजेची तार नको. तारेवर अडकलं तर ते गेलं असं समजा, काठीने काढायला जाऊ नका.

बटण दाबलं आणि काही झालं नाही, हे हमखास होतं. बटणाच्या पेटीची किल्ली काढा, पूर्ण 60 सेकंद थांबा, मगच जवळ जा. बहुतेक वेळा पेटवणीची तार दारूला टेकलेली नसते. रॉकेट दांडीवर चढवताना ती घसरते. नाहीतर दोन तारा एकमेकींना किंवा ताटलीला शिवलेल्या असतात. तिसरं कारण सेल. भिंतीवरच्या घड्याळातले स्वस्त सेल इतका प्रवाह देत नाहीत, चार नवे अल्कलाइन घाला आणि पेटवणीच्या तारांना लावायचे चिमटे काचकागदाने घासा.

आमचं पहिलं बटण वाया गेलं, दुसऱ्याला रॉकेट उडालं आणि 40 मीटरवर हरभऱ्यात उतरलं. नळीला नारिंगी रंग दिला होता म्हणून सापडलं. जळालेली कांडी आणि न वापरलेल्या दोन मोटरी संस्थेच्या माणसाने मोजून पिशवीत घातल्या, पावतीवर माझी सही घेतली. चार दिवसांनी कार्यालयातून फोन आला: कार्यक्रम पार पडल्याचा अहवाल दोन प्रतींत द्या, सोबत ध्वनिक्षेपक वेळेत बंद केल्याची नोंद.