आमची वाटचाल : पेजेच्या वाटीपासून

३१ डिसेंबरचा आठवडा होता. बावीस माणसं आमच्या सहलीला, आमच्या भरवशावर, कोल्हापुरातून मालवणजवळच्या तारकर्लीला आली होती, आणि त्यातल्या सत्तरीच्या एका आजींना रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. रात्रीचं जेवण किनाऱ्यालगतच्या एका मोठ्या हॉटेलात झालं होतं. पैसे आगाऊ भरले होते, माणसांचा आकडा आठ दिवस आधी कळवला होता, तरी दीड तास बसवून ठेवलं. शेवटी ताटात आलेली सुरमई शिळी होती. मला ते पहिल्या घासाला कळलं होतं. पण एवढ्या गर्दीत बावीस जणांची दुसरी सोय कुठून करायची, या विचारानं मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं आजही वाईट वाटतं.

मालवणात डॉक्टरांना दाखवलं, सकाळपर्यंत आजी सावरल्या. आता त्यांना खायला काय द्यायचं? हॉटेलात नाष्ट्याला पुरी-भाजी होती. देवबागच्या रस्त्यावर एका घराच्या खळ्यात एक काकू तांदूळ पाखडत बसल्या होत्या. आमच्या यांनी गाडी थांबवली आणि सरळ जाऊन विचारलं, ‘काकू, म्हाताऱ्या माणसाला मऊ काहीतरी मिळेल का?’ काकूंनी चुलीवरची उकड्या तांदळाची पेज वाटीत ओतली, सोबत मिठातल्या कैरीची फोड दिली आणि आजींना पडवीत बसवलं. पैसे घेतले नाहीत. दुपारी बाकीची मंडळीही तिथंच जेवली. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी, एवढंच. कोल्हापूरला पोचल्यावर आम्ही सगळ्यांना त्या हॉटेलच्या जेवणाचे पैसे परत केले, पण लोक बोलत होते ते काकूंच्या बांगड्याबद्दल.

त्याआधी दोन वर्षं आमचा व्यवसाय म्हणजे एक जुनी टवेरा, चालवायला हे आणि फोनवर मी. शनिवार-रविवार गणपतीपुळे, मालवण, कधी वेंगुर्ला. कोल्हापूर हे कोकणाच्या माथ्यावर बसलेलं गाव. गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, तिथून करूळ घाट उतरला की वैभववाडी. आंबा घाटानं रत्नागिरी, फोंडा घाटानं कणकवली, आंबोलीतून सावंतवाडी. सकाळी सहाला निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रावर असतो. गाड्या देणारे आमच्यासारखे शेकड्यानं होते. आम्ही काय वेगळं देणार, याचं उत्तर त्या पडवीत मिळालं. आम्ही जेवणाची जबाबदारी घ्यायची ठरवलं.

बोलायला सोपं, पण त्यात पहिली अडचण कमिशनची आली. गाडी घेऊन आलेल्याला हॉटेलवाले टक्केवारी देतात, ड्रायव्हरचं जेवण फुकट असतं, आणि सुरुवातीला आम्हीही ते घेतलं होतं. ते घेतलं की ताटात काय येतंय यावर बोलायचा हक्क जातो. म्हणून नियम केला : जिथं पाहुण्यांना जेवायला न्यायचं तिथून एक रुपया घ्यायचा नाही आणि आपल्या जेवणाचे पैसे आपण भरायचे. सहलीचा दर त्यामुळं वाढला. पहिल्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं तुटली. हे म्हणाले, ‘टिकूया अजून एक दिवाळी.’ त्या दिवाळीनंतर गाडी रिकामी उभी राहिली नाही.

मग सुरू झाली वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. ज्या घरात जेवलो त्याचा फोन, किती माणसं बसतात, चूल की गॅस, पिण्याचं पाणी कुठलं, हात धुवायची सोय, वयस्कर माणसाला खुर्ची आहे का, आणि त्या घराचा हातखंडा कशात आहे. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकाच घरात सगळं चांगलं मिळत नाही. देवबागच्या काकूंकडं बांगडा आणि पेडवे मागावेत. आचऱ्याजवळ एका वहिनींकडं कोंबडी-वडे. गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते, वड्याचं पीठ आधी भिजवावं लागतं, त्यामुळं अचानक दारात जाऊन उभं राहिलात तर त्या प्रेमानं नाही म्हणतात. मालवण गावातल्या एका जुन्या खानावळीत तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि घावणे. कुणकेश्वराचं दर्शन घेऊन आल्यावर शाकाहारीच जेवायचं अशी बहुतेकांची इच्छा असते, तिथं एका घरी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. गणपतीपुळ्याला मासळी शोधूच नये असं माझं मत आहे. तिथं देवस्थानचा खिचडीचा प्रसाद घ्यावा, आणि एखाद्या ब्राह्मण घरगुती खानावळीत उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावेत.

सोलकढीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवीन घर पारखताना मी आधी तीच मागते. नारळाचा रस काढून काही तास गेले की तो आंबायला लागतो, म्हणून चांगल्या घरात सोलकढी जेवणाच्या तोंडावरच होते. आगळ (कोकमाचा अर्क) किंवा भिजवलेली कोकमाची सोलं, ओल्या खोबऱ्याचा पहिला रस, लसूण, मिरची, कोथिंबीर. रंग फिकट गुलाबी. भडक दिसली, पाण्यासारखी पातळ लागली, तर त्या स्वयंपाकघरात नारळ वाचवतात असं मी समजते, आणि जो नारळ वाचवतो तो मासळीतही वाचवणार. या एका परीक्षेनं मला आजवर फसवलेलं नाही.

आमच्या कोल्हापूरच्या जिभेची गोष्ट वेगळीच. तांबडा-पांढरा पिऊन वाढलेल्या माणसाला मालवणी कालवण पहिल्या दिवशी गोडसर वाटतं. ‘वैनी, जरा झणझणीत करायला सांगा की,’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. सुरुवातीला मी काकूंना तसं सांगायचे. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मिरची वाढवली तर माशाची चव खंय जातली?’ तेव्हापासून सांगायचं सोडलं. कांदा-लसूण चटणीची बरणी गाडीत असते, ज्याला हवी त्यानं ताटात घ्यावी. दुसऱ्या दिवशी ती बरणी सहसा कुणी उघडत नाही. मटणावर वाढलेल्या घरातल्या पोरांना काट्यांची भीती असते. त्यांना आधी सुरमईची तुकडी किंवा मोरीचं (छोट्या शार्कचं) कालवण द्यावं, मोरीला काटेच नसतात, मधला मऊ कूर्चा तेवढा असतो. पेडवे, तारल्या त्यांच्यासाठी दुसऱ्या खेपेला.

आणि वार. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, कुणाचा श्रावण, कुणाचा मार्गशीर्ष. बुकिंगच्या फॉर्मवर आम्ही वयाच्या आधी वार विचारतो. एका घरातल्या सहा जणांत तीन वेगवेगळे वार निघतात, आणि वार पाळणाऱ्याला नुसता वरण-भात वाढणं हे मला पटत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूची उसळ असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा जाती तयार झाल्या, त्या भागात बागाच बागा आहेत. कोवळ्या फणसाची भाजी असते, केळफूल असतं, कुळथाची पिठी असते. वेंगुर्ल्याच्या त्या ताटासाठी मासे खाणारी माणसंही सोमवार मागून घेतात.

पावसाळ्यानं आम्हाला बरंच शिकवलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तरीही कोल्हापूरकरांना जुलैत धबधब्यांसोबत पापलेट हवं असतं. मिळतं ते बर्फातलं. आम्ही आता स्पष्ट सांगतो : जून-जुलैत मोठी मासळी आमच्या ताटात नसेल. खाडीचं काही मिळालं तर मिळालं. नाहीतर भाजलेला सुका बांगडा, सुकटीची चटणी, टाकळ्याची भाजी, आठळ्या घातलेलं अळू आणि गरम भात. पहिल्या पावसाळ्यात या सहलीला चार जण आले होते. आता जुलैच्या चारही शनिवारी गाडी भरते.

ऑगस्ट २०१९. आमचं ऑफिस व्हीनस कॉर्नरजवळ, तळमजल्यावर. पंचगंगेचं पाणी आलं आणि आठवडाभर आत जाता आलं नाही. संगणक गेला, खुर्च्या गेल्या, त्याचं मी फार मनाला लावून घेतलं नाही. पण वही टेबलाच्या खणात होती. पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता, शाई वाहून गेली होती. मी तिथंच चिखलात बसून रडले. देवबागच्या काकूंचा नंबर यांना पाठ होता. त्यांना कळल्यावर त्यांनी लेकाला मोटारसायकलवर घरोघर पाठवलं आणि चार दिवसांनी सत्तावीस घरांचे नंबर फोनवर वाचून दाखवले. त्यात आमच्या जुन्या वहीत नसलेली पाच घरं होती, त्यांच्या मते चांगली. ती पाचही आज आमच्याकडं आहेत. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, तेव्हा वही आमच्या घरी वरच्या मजल्यावर होती.

मधलं २०२० सगळ्यांनी भोगलं, त्यावर फार लिहीत नाही. सहली बंद झाल्यावर त्याच घरांकडून आंब्याच्या पेट्या, आगळ, सोलं, मालवणी मसाला आणि खाजा आणून कोल्हापुरात घरपोच दिला. आमचा हप्ता फिटला आणि त्या घरांत थोडा पैसा गेला. तो मालाचा भाग अजून चालू आहे, दिवाळीआधी मसाल्याची मागणी सगळ्यात जास्त.

२०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला, तेव्हा वर्षभर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं उतरलो. वेळ वाढला, पण त्यामुळं घाटाखाली फोंड्याच्या बाजूला घावणे-चटणीचं एक घर सापडलं. घाटात वळणं घेताना पोट हलकं असलेलं बरं, म्हणून आम्ही वर फक्त चहा देतो आणि नाष्टा घाट उतरल्यावर. लहान मुलं असलेल्यांनी स्वतःच्या गाडीनं जातानाही हे जरूर पाळावं.

आज आमच्याकडं दोन सतरा सीटर आणि एक छोटी गाडी आहे, मी आणि हे धरून सात माणसं काम करतात. संध्याकाळी मालवण बंदरावर मासळीचा लिलाव दाखवतो. कुठं रापण ओढत असतील तर पाहुण्यांना दोराला हात लावू देतो. होडीतून जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची, त्याला तीस-चाळीस माणसं लागतात. तासभर दोर ओढलेला माणूस रात्री ताटात मासा टाकत नाही, हे मी पाहिलंय.

जे आमच्या गाडीनं येत नाहीत तेही ऑफिसात येऊन घरांचे नंबर मागतात. आम्ही देतो. काही जण म्हणतात, असं दिलं तर धंदा कसा चालणार? त्या काकूंनी आम्हाला पेज दिली तेव्हा आम्ही त्यांची गिऱ्हाइकं नव्हतो. नंबर देताना एवढंच सांगतो : रात्री आठच्या आत फोन करा, माणसं नक्की सांगा, आणि यायचं रद्द झालं तर तेही कळवा. दहा जणांची मासळी आणून ठेवलेल्या घराला त्या दिवशी नुकसान होतं, आणि ती बाई तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाही.

सध्या निवतीच्या बाजूला एक घर बघतोय. सासू-सून दोघीच आहेत, कालवं उत्तम करतात, पण एका वेळी आठच्या वर माणसं नकोत असं सुनेचं म्हणणं आहे. हे म्हणतात, सतरा सीटरला ते परवडायचं नाही. मी त्यांना छोटी गाडी घेऊन यायला सांगितलंय, येत्या रविवारी आम्ही दोघं आणि मुलं जाऊन आधी जेवून येतो.