कोण मागं लागलंय?

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, ‘कुंदा बंद.’ बेळगावच्या माणसाला असं कुणी म्हणतं का? ही मिठाई सोडण्यापेक्षा पळणं सोपं, असा हिशेब मी मनात केला. हिशेबात मी शाळेपासूनच कच्चा.

पहिल्या दिवशी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गेलो. शंभरेक पावलांतच छातीचा भाता झाला. नऊवारी नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक आजी चालत मला मागं टाकून गेल्या. पुढच्या फेरीला परत गाठलं, तेव्हा थांबून म्हणाल्या, ‘बाळ, बस की जरा. कोण मागं लागलंय तुझ्या?’

मग अक्कल आली. १ मिनिट पळायचं, २ मिनिटं चालायचं. पळताना बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त झाला म्हणायचं. एकट्यानं काय बोलणार? २९चा पाढा म्हणायला लागलो. एकोणतीस सत्तेला रोज अडकायचो. तिथं दम संपतो की पाढाच येत नाही, हे अजून कळलेलं नाही.

जोर चढला आणि एका रविवारी ३ किलोमीटरवरून थेट ७ वर उडी मारली, राजहंसगडाच्या रस्त्यानं. नडगीची हाडं अशी ठणकली, की आठवडाभर जिना उलटा उतरत होतो. अंतर हळूहळू वाढवायचं असतं, हे ज्ञान मला नडगीनं दिलं. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची तुकडी पळताना दिसली, तिच्या मागं लागायचा मोह मात्र अजून सुटत नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत टिकतो.

जुलैत पाऊस थांबेना आणि बूट वाळेनात. रद्दी पेपरचे बोळे कोंबून फ्रिजमागं ठेवायचो. एकदा घाईत तसाच पळालो. अंगठा सुजलाय म्हणून लंगडत घरी आलो. बायकोनं बुटातून बोळा उपसला, उलगडून वाचला आणि म्हणाली, ‘अहो, सुजेत परवाचं राशिभविष्य निघालं.’

हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते. शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर कशाला ठेवलेत, देव जाणे. मी सध्या ५ वर आहे. गेल्या रविवारी ४३ मिनिटांत पुरे केले, न थांबता, आणि डेपोवर कुणीही मला मागं टाकलं नाही.

आजी आल्या नव्हत्या.