परसातली चार झाडं आणि आडवी जाळी : सप्टेंबरपर्यंतची नोंद

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात घरामागे गांजाची चार झाडं लावता येतात. माणशी नव्हे, घरटी चार. १७ ऑक्टोबर २०१८ पासून हा कायदा आहे, आणि बी अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचं. भारतात मात्र अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली (१९८५) विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे ही नोंद ओंटारिओतल्या हौशी मंडळींसाठीच.

झाडांची संख्या वाढवता येत नाही, म्हणून झाड रुंद करायचं. शिवाय ते कुंपणाच्या वर डोकावलेलं मला नको असतं. मोकळं सोडलं तर ते एकच शेंडा धरून उंच जातं, कारण शेंड्यातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या फुटव्यांना दाबून ठेवतं. नाशिककडची द्राक्षवेल मांडवावर पसरते, तसं काहीसं इथे साधायचं आहे, झाडावर आडवी जाळी ताणून आणि फांद्या तिच्या घरांतून बाजूला पसरवून.

व्हिक्टोरिया डे (मेच्या उत्तरार्धातली इथली सुट्टी) झाला आणि रोपं बाहेर काढली. त्याआधी इथल्या रात्रींचा भरवसा नाही. रोपं रुळल्यावर पाचव्या पेराच्या वर शेंडा खुडला. खालचे फुटवे जोमाने आले, तसे ते मऊ दोरीने चारी दिशांना ओढून घेतले. जून संपता संपता जाळी बसवली. चार लाकडी खुंट, जमिनीपासून दोन फुटांवर जाळी, तिची घरं १० सेंटिमीटरची. घरात दिव्याखाली वाढवणारे ५ सेंटिमीटरचं घर घेतात, पण बाहेरच्या फांद्या अंगठ्याएवढ्या जाड होतात आणि पुढे छाटणीला हात आत गेला पाहिजे. मी प्लास्टिकचा थर असलेली तारेची जाळी वापरतो. नायलॉन वाऱ्यात सैल पडतं आणि कोवळी साल कापतं.

जुलैभर एकच काम. शेंडा जाळीच्या वर दोन-तीन बोटं आला की त्याला हलकेच खाली दाबायचं आणि बाहेरच्या बाजूच्या पुढच्या घरातून वर काढायचं. हे दुपार कलल्यावर करावं, तेव्हा फांदी जरा मऊ असते. सकाळी पाण्याने टरारलेली फांदी काडकन मोडते. नुसती चीर गेली तर लगेच टेप गुंडाळा, तिथे गाठ धरते आणि फांदी वाचते.

जूनच्या शेवटी इथला दिवस सव्वापंधरा तासांहून मोठा असतो. ऑगस्टच्या मध्याला तो चौदा तासांवर येतो आणि झाडं कळी धरायला लागतात. कळी धरताना पहिले दोन-तीन आठवडे फांद्या झपाट्याने लांबतात, म्हणून तोवर जाळी दोन-तृतीयांशच भरलेली असावी. उरलेली ती आपोआप भरते. यंदा तशीच भरली. कळ्या दिसू लागल्यावर फांद्या वाकवणं थांबवलं. आता जाळी फक्त आधाराला आहे, आणि भरलेल्या कळ्यांना पावसात तो लागतोच.

जाळीचं कौतुक होतं ते उजेडासाठी. घरात ते खरंच आहे, कारण दिवा एका जागी असतो. बाहेर सूर्य फिरतो, बाजूंनाही ऊन मिळतं. माझ्या मते उघड्यावर जाळीचा खरा फायदा हवेचा आहे, आणि तोही जाळीखालचं सगळं काढून टाकलं तरच. सावलीतली पानं, किडकिडे फुटवे मी ऑगस्टमध्येच साफ केले. बुडातून वारा आरपार जायला हवा. ते केलं नाही तर जाळीवरचा दाट थर उलट ओल धरून ठेवतो.

सप्टेंबरमध्ये रात्री दव पडतं आणि राखाडी बुरशी येते. ती आधी दिसत नाही. भरदार कळीतलं एखादंच बारीक पान सुकून तपकिरी होतं आणि नुसतं बोट लावलं की अलगद निघून येतं. अशी कळी उघडून पाहा, आत देठाशी करडी लव असते. तिच्या खाली दोन इंच निरोगी भागासकट कापायचं, पिशवीत घालून फेकायचं, कात्री स्पिरिटने पुसायची. रोज सकाळी मी प्रत्येक कळी बघतो. सगळ्या एकाच पातळीवर असल्यामुळे एकही नजरेतून सुटत नाही.

आत्ता भिंगातून कळ्यांवरचे राळेचे कण अजून काचेसारखे स्वच्छ दिसतात. ते बहुतेक दुधाळ झाले आणि थोडे पिवळसर तांबूस दिसू लागले की कापणी. मधल्या कळ्या पुढे आहेत, त्या आधी काढून कडेच्या आणखी आठवडाभर ठेवेन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिमकण पडण्याची भीती असते, आणि सलग तीन दिवस पावसाचा अंदाज आला तर मात्र पिकण्याची वाट न बघता सगळंच कापेन.