पुराभिलेखागारात कागद मागवण्याआधी

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद जपणारं कार्यालय, आहे. मूळ मुंबईचा दप्तरखाना, १८२१चा. इथे नुसतं गावाचं नाव सांगून कागद हाती लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश काळातली दप्तरं खात्यानुसार लावलेली आहेत: जमिनीचा वाद महसुलात, पूल-रस्ता सार्वजनिक बांधकामात. म्हणून आधी खातं ठरवा, मग वर्ष, मग सूचीतून खंड क्रमांक. प्रकरण वर्षानुवर्षं चाललेलं असतं, तेव्हा पुढची दोन-तीन वर्षंही चाळा.

टिपणं पेन्सिलीनेच. जुन्या कागदांवरची लोहयुक्त शाई अक्षराच्या रेषेवरच कागद खाते, घडीवर तो तुटतो. पान कोपऱ्याला धरून ओढू नका, खाली तळहात सरकवून उलटा. बोटाला थुंकी तर अजिबात नको! पावसाळ्याच्या दमटपणाने पानं चिकटली असतील, तर सोडवायला जाऊ नका; खंड तसाच कर्मचाऱ्यांना दाखवा.